रुईच्या झुडपाशी बसा: सोलापूरच्या माळावर किड्यांचे क्लोजअप

विजापूर रोड असो, तुळजापूर रोड असो की बार्शीचा रस्ता, शहराची शेवटची चहाची टपरी मागं पडली की पडीक रानाच्या कडेला रुईचं झुडूप हमखास भेटतं. किड्यांचे जवळून फोटो काढायला शिकायचं असेल तर तिथंच थांबा. कॅमेरा गळ्यात घालून किडे शोधत माळभर फिरणारा माणूस दुपारपर्यंत उन्हानं करपतो, पँटला कुसळं चिकटवून घेतो आणि बरेचसे हललेले फोटो घेऊन घरी येतो. झुडपाशी बसणाऱ्याकडं किडे आपणहून येतात. मॅक्रो फोटोग्राफीची निम्मी युक्ती एवढीच आहे. उरलेली निम्मी उजेडाची. लेन्सचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी झाड, मग किडा

रुईचं पान उलटं करून बघा. बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरू पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं घालतं. अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची असते आणि तिच्या पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. जवळपासच्या काडीला कोष लटकलेला दिसला तर त्याच्यावरचे सोनेरी ठिपके टिपण्यासारखे असतात. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर पिवळा मावा, माव्याचा गोड पाझर चाटायला मुंग्या आणि मावा फस्त करायला ढालकिडे, असा सगळा बाजार एका फांदीवर भरतो. पिवळ्या-निळसर पट्ट्यांचा जाडजूड नाकतोडाही याच झाडावरचा. त्याला हातात धरलं तर तो वाईट द्रव उडवतो, तेव्हा नुसतं बघा. फुलांवर काळा भुंगा येतो. तो घोंगावत आला की आपण दचकतो, पण त्याचं लक्ष आपल्याकडं नसतं.

नवशिक्यासाठी रुई सोयीची, याला आणखी एक कारण आहे. रुईच्या विषारी चिकातली द्रव्यं बिबळ्या कडव्याची अळी अंगात साठवते आणि ती पुढं फुलपाखरातही उतरतात. पक्षी अशा फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत, म्हणून ते संथ, बिनधास्त उडतं आणि फुलावर बराच वेळ बसतं. पहिले चांगले फोटो अशाच फुलपाखराचे मिळतात. मात्र हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पानं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका आणि व्ह्यूफाइंडरच्या रबरालाही चिकाचा हात लावू नका.

रुई पाठ झाली की बाकीची झाडं घ्या. पिवळ्या फुलांचा तरवड, बोरीची जाळी, बाभूळ, वाटेच्या कडेची एकदांडी. बोरीवर नखाएवढी ठिपकेदार फुलपाखरं घुटमळतात. घरात कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड असेल तर गाडीला किक मारायचीही गरज नाही. त्याच्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी सापडेल. तीच मोठी झाल्यावर हिरवीगार होते.

आणि ज्वारी. रब्बीची ज्वारी पोटरीत येते त्या सुमारास ताटांवर मावा पडतो आणि पानांवर चिकटा दिसू लागतो. शेतकऱ्याला त्याचा वैताग, आपल्याला मात्र ढालकिडे, त्यांच्या अळ्या, मुंग्या आणि कोळी असं सगळं एका धाटावर मिळतं. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. कॅमेरा, स्टँड बघून ‘मोजणीला आलाय का?’ हा प्रश्न ठरलेला आहे. ‘नाही मामा, किड्यांचे फोटो काढतोय’ म्हणून स्क्रीनवर एखादा फोटो दाखवला की तेच पुढच्या बांधापर्यंत घेऊन जातात. फवारणी कधी झाली हे मात्र न चुकता विचारायचं. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागेत तर आधी हाच प्रश्न. ताज्या फवारणीच्या पिकात गुडघ्यावर बसायचं नसतं.

वेळ आणि ऋतू

किड्यांचं अंग भोवतालच्या हवेबरोबर तापतं आणि गार पडतं. पहाटे ते सुस्त असतात, ऊन चढलं की हाताला लागत नाहीत. त्यामुळं गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, सात-साडेसातला गेलात तरी चतुर आणि टाचण्या (चतुराच्या बारीक अंगाच्या बहिणी) गवताच्या काडीला धरून गपगार बसलेल्या मिळतात. मे महिन्यात मात्र सहाला जागेवर असावं लागतं. साडेआठनंतर किडेही पानाखाली जातात आणि फोटोतला उजेडही कडक होतो. दुपारी घरी थांबा. कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवून तर मुळीच फिरू नका. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात डिकीची भट्टी होते आणि बॅटरी, लेन्सचं ग्रीस, दोन्हींचे हाल होतात.

मृगाचे पहिले एक-दोन पाऊस पडले की माळावर लाल मखमली मृगाचे किडे निघतात. काही दिवसच दिसतात, त्यामुळं त्या आठवड्यात बाकीची कामं बाजूला ठेवायची. हा खरं तर कीटक नव्हे, आठ पायांचा कोळ्यांचा भाऊबंद आहे. त्याचा फोटो वरून काढला तर नुसता लाल ठिपका येतो. जमिनीवर पालथं पडून त्याच्या पातळीवरून काढा, मग मखमल दिसते. त्याला हातावर, काडेपेटीत घेऊ नका.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा आपल्याकडचा खरा हंगाम. गवत उभं असतं, एकदांडी फुललेली असते, पहाटे बांधावर थोडंफार दव असतं आणि गवतातली कोळ्यांची नरसाळ्यासारखी जाळी त्यामुळं उठून दिसतात. हिप्परगा तलावाच्या काठावर ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला उतरतात. तशीच ओली जागा संभाजी तलावाच्या कडेलाही मिळते. शहराबाहेर जाणं होत नसेल तर सिद्धेश्वर वनविहार आहेच. जूनमधला वारा मात्र फार छळतो, त्याबद्दल पुढं सांगतो.

जवळ काय आहे त्यावर सुरू करा

फोनवर सुरुवात केली तर बिघडत नाही. फोनमध्ये मॅक्रो मोड असेल तर तो वापरा, नसेल तर क्लिपनं अडकवायची छोटी लेन्स मिळते. अडचण एकच, फोन किड्याच्या फार जवळ न्यावा लागतो आणि त्याचीच सावली किड्यावर पडते. म्हणून ऊन बाजूनं येईल असे बसा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि मग फोन पुढं-मागं सरकवत लागोपाठ फोटो घ्या. मुंगीच्या मागं लागू नका. अळी, कोष, गोगलगाय, माव्याचा गठ्ठा असे संथ विषय घ्या.

डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर सगळ्यात कमी खर्चाचे मार्ग तीन. पहिला, लेन्सच्या तोंडावर लावायचं क्लोजअप भिंग. रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टर ताकदीचं भिंग लोकप्रिय आहे. ते लावलं की लेन्स अनंतावर फोकस असताना किडा भिंगापासून साधारण साडेबारा सेंटिमीटरवर असावा लागतो, आणि २०० मिलिमीटरच्या झूमवर किडा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, खऱ्या आकाराच्या दीडपटीहून मोठा उमटतो. दुसरा, एक्स्टेन्शन ट्यूब. ही भिंग नसलेली पोकळ नळी असते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की जवळ जवळ अर्ध्या पटीची भर पडते. तिसरा, लेन्स उलटी लावायची रिंग. ही सगळ्यात स्वस्त, पण लेन्सची मागची काच उघड्यावर येते आणि आपल्या काळ्या मातीची धूळ तिच्यावर बसते. अ‍ॅपर्चरचाही (उजेड आत घेणाऱ्या भोकाचा) ताबा बऱ्याच लेन्समध्ये जातो. माझं मत विचाराल तर माळावर रिव्हर्स रिंग नको. जुनी ५५-२५० मिलिमीटरसारखी झूम आणि क्लोजअप भिंग, या जोडीवर वर्षभर काढा.

त्यानंतरही नाद सुटला नाही तर ९० ते १०५ मिलिमीटरची खरी मॅक्रो लेन्स घ्या, सेकंडहँड चालते. ५० किंवा ६० मिलिमीटरच्या मॅक्रोत किडा लेन्सच्या तोंडाशी येतो आणि उडतो. १०० मिलिमीटरच्या लेन्सला पूर्ण आकारात टिपताना साधारण वीतभराच्या आत अंतर मिळतं. तेवढ्यात फुलपाखरू निभावतं, फ्लॅशलाही जागा राहते.

एक वस्तू फुकट मिळते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स मागून घ्या. सोलापुरात फ्लेक्सला तोटा नाही. दोन-तीन फुटांचा तुकडा कापून घेतला की बसायला झाला. चादर किंवा पोतं घेतलं तर कुसळं रुततात, ती काढण्यात सकाळ जाते. फ्लेक्सवर कुसळ टिकत नाही, ओल वर येत नाही आणि त्याची मागची पांढरी बाजू सावलीतल्या किड्यावर उजेड टाकायला कामी येते.

एक मिलिमीटरचा हिशेब

खऱ्या आकाराइतका, म्हणजे १:१ फोटो काढताना एफ ११ वर (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर असते. अर्ध्या आकारात तीच चार मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणून पहिले काही महिने हव्यासानं अगदी जवळ जाऊ नका. थोडं लांबून काढून नंतर कापलेला फोटो बहुतेक वेळा जास्त चांगला निघतो. अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद केलं तर खोली वाढते, पण प्रकाश वाकून सगळंच मऊ, म्हणजे धूसर पडतं. १:१ वर एफ ११ हाच परिणामानं एफ २२ झालेला असतो. एफ ८ ते एफ ११ यांच्या मध्ये राहा.

मग त्या सव्वा मिलिमीटरचं करायचं काय? कॅमेरा किड्याला समांतर धरायचा. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराच्या बरोबर बाजूला या, म्हणजे पंखाचं टोक, डोळा, सोंड सगळं एका पातळीत येतं. चतुर वरून किंवा बाजूनं. समोरून काढायचा असेल तर फक्त डोळे स्पष्ट येणार हे मान्य करून काढा. डोळा सुटला की फोटो गेला, बाकी कितीही सुंदर असो.

ऑटोफोकस इथं गोंधळतो. तो बंद करा, लेन्सवर हवा तो आकार ठरवा आणि स्वतः इंचभर पुढं-मागं डोला. डोळा स्पष्ट झाला त्या क्षणी बटण दाबा. श्वास अर्धा सोडून थांबलात तर हात स्थिर राहतो. कोपर गुडघ्यावर टेकवा. त्याहून चांगली पद्धत अशी: किडा ज्या काडीवर आहे ती काडी डाव्या हाताच्या बोटांत अलगद धरा आणि लेन्सचं तोंड त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. आता वारा आला तरी काडी आणि कॅमेरा एकत्र हलतात. जूनच्या वाऱ्यावर माझ्या मते हा एकच खरा उतारा आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा जाड तारेला बांधून, तार जमिनीत खोचूनही काडी धरून ठेवता येते. पहाटेच्या सुस्त किड्यांसाठी ते छान, ऊन चढल्यावर चिमटा लावेपर्यंत किडा उडतो.

एकाच फोटोत सगळा किडा स्पष्ट हवा असेल तर फोकस किंचित सरकवत पाच-दहा फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. किडा आणि वारा दोन्ही गप्प असतील तरच हे जमतं. सुरुवातीला याच्या नादी लागू नका.

उजेड

सोलापूरचं ऊन आठनंतर फोटोचा शत्रू होतं. भुंगेऱ्याची चकचकीत पाठ पांढरीफटक जळते आणि खालचे पाय काळे पडतात. उपाय दोन. एक, छत्री किंवा पांढरा ट्रेसिंग पेपर मध्ये धरून ऊन मऊ करायचं. दोन, फ्लॅश.

फ्लॅशचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, कारण त्यांनी उघड्या फ्लॅशचे फोटो पाहिलेले असतात. उजेडाचा स्रोत किड्याच्या मानानं मोठा आणि जवळ असेल तर तो मऊ पडतो. म्हणून फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या टोकापर्यंत पुठ्ठ्याचा नळा करा, आतून चांदीचा कागद लावा आणि पुढं टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारी पांढरी फोमची शीट दोन पदरी ताणून बसवा. ही शीट किड्याच्या जवळात जवळ, त्याच्या डोक्यावर छतासारखी यायला हवी. तपासणी सोपी आहे: ढालकिड्याच्या पाठीवरचं प्रतिबिंब बघा. कडक पांढरा ठिपका दिसला तर डिफ्यूझर, म्हणजे ही उजेड पसरवणारी शीट, लहान आहे, मऊ चौकोन दिसला तर जमलं.

सेटिंग असं लावून सुरुवात करा: कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६० सेकंद, एफ ११, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) २००, फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीच्या १/१६ वर. फोटो काळपट आला तर फ्लॅश १/८ करा, उजळ आला तर १/३२. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत फारच छोटा असतो, १/१६ वर साधारण १/१०,००० सेकंदाच्या घरात, त्यामुळं हात हलला तरी किडा गोठतो. फ्लॅश नसेल तर शटर १/२५० च्या खाली नेऊ नका. एफ ८ ठेवा आणि आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत जाऊ द्या. थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो चालत नाही.

फ्लॅश वापरला की मागं सगळं काळं येतं, दिवसाढवळ्या रात्र झाल्यासारखं. किडा फ्लॅशच्या जवळ असतो, मागचं गवत दूर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. काळं नको असेल तर किड्याच्या मागं वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन निवडा, किंवा आयएसओ ८०० करून शटर थोडं मंद करा, म्हणजे आकाशाचा नैसर्गिक उजेडही मिसळतो. संध्याकाळी पश्चिमेकडं तोंड करून मागं केशरी माळ घ्यायचा असेल तर हीच युक्ती.

जवळ कसं जायचं

सावली किड्यावर पडू देऊ नका. उभ्यानं चालत जाऊन वाकू नका. लांबूनच बसा आणि बसल्या बसल्या सरका. पहिला फोटो दोन-तीन फुटांवरून काढून ठेवा, म्हणजे किडा उडाला तरी नोंद राहते. मग थोडं पुढं, पुन्हा फोटो. किडा अंग आवळतोय, पंख थरथरवतोय असं दिसलं की तिथंच थांबा, तो शांत झाल्यावर पुढं जा. चतुर उडाला तर पाठलाग करू नका. पुष्कळ चतुर फिरून त्याच काडीवर येऊन बसतात, तेव्हा काडीवर फोकस लावून ठेवायचा. खंडोबाचा किडा (पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणारा) मान वळवून आपल्याकडं बघतो, उडी मारणारा छोटा कोळीही लेन्सकडं तोंड करतो. या दोघांना आपणच बघण्याची वस्तू असतो, त्यामुळं त्यांचे समोरून फोटो सहज मिळतात.

माळावरचे सरडे एप्रिल ते जूनमध्ये बघण्यासारखे असतात. नर दगडावर चढून गळ्याची रंगीत झालर पंख्यासारखी उघडतो. इथं मॅक्रो लेन्सपेक्षा २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स बरी. गाडीत किंवा बाभळीच्या सावलीत बसून दगडावर लक्ष ठेवा.

रात्री अतिनील टॉर्चच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. कॅमेरा स्टँडवर, फ्लॅश बंद, आयएसओ ८००, एफ ८ आणि काही सेकंदांचा शटर एवढ्यावर फोटो मिळतो, कारण विंचू बराच वेळ हलत नाही. एकटे जाऊ नका, दुसऱ्याच्या हातात साधी बॅटरी द्या आणि अतिनील टॉर्च कुणाच्या डोळ्यावर मारू नका.

अंगाला आणि कायद्याला जपून

आपल्या माळावर फुरसं, घोणस, नाग, मण्यार चौघेही आहेत. फुरसं तर दगडाखाली, गवताच्या बुडाशी अंग दडवून बसतं, आणि आपण तिथंच पालथे पडायला जातो. बसण्याआधी काठीनं जागा झोडपा, दगड हातानं उलटू नका, घोट्यावर येणारे बूट आणि जाड पँट घाला. साप चावला किंवा विंचू डसला तर बांधाबांध, चिरणं, मंत्र काही नको. थेट सरकारी रुग्णालय गाठा. बाजरीच्या कणसावर दिसणारे हिंगे हाताळले तर कातडीवर फोड येतात, केसाळ सुरवंटांनी अंग सुजतं. आग्या मोहोळाच्या आसपास फ्लॅश, अत्तर, गोंगाट काही नको.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं आहे. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि वाट सोडायची नाही. अभयारण्याबाहेरही उन्हाळ्यात टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आल्या पावली मागं फिरा. किडा फ्रिजमध्ये गार करून, डिंकानं चिकटवून किंवा मारून काढलेले फोटो सरावलेल्या नजरेला लगेच कळतात. पाय चुकीच्या जागी पडलेले असतात.

घरी आल्यावर

लेन्स आधी हवेच्या पंपानं फुंकून घ्या, मग पुसा. उलट केलं तर धुळीनं काचेवर ओरखडे येतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. फोटो निवडताना शंभर टक्के मोठा करून डोळा बघा, मऊ असेल तर डिलीट करा.

नाव ओळखायचं असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. पंखाची वरची बाजू, खालची बाजू, समोरून चेहरा आणि तो कोणत्या झाडावर होता ते झाड, एवढं हवं. तारीख आणि गावाचं नाव फाइलमध्येच लिहून ठेवा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकलं तर जाणकार नाव सुचवतात. कित्येक कोळी आणि भुंगेरे फोटोवरून जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, तिथं कुळापर्यंतच थांबायचं. आणि नोंदीत झाडाचं नाव नक्की घाला: ‘रुई, पानाची खालची बाजू, सकाळ’ एवढं लिहिलेलं असलं तर पुढच्या वर्षी त्याच दिवसांत कुठं बसायचं हे तुम्हाला शोधावं लागणार नाही.